कोरड्या हवेतला चेहरा : पांढुर्णा-सौंसरच्या थंडीत सौम्य मॉइश्चरायझर कसा निवडावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्णा वर्षातून एकदा देशभरच्या बातम्यांत येते. शेजारचे सौंसर भाविकांना जामसावळीच्या हनुमानामुळे ठाऊक असते आणि भूवैज्ञानिकांना मँगनीजयुक्त खडकांच्या ‘सौंसर समूहा’मुळे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. हे दोन मराठी तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा संत्र्या-कपाशीचा मुलूख समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

मान्सून माघारी गेला की तिथली हवा झपाट्याने सुकते. दिवाळीनंतर सकाळी गारठा, दुपारी लख्ख ऊन आणि मधूनच उत्तरेचे वारे असा क्रम सुरू होतो. ओठ फुटतात, गाल उलतात, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते आणि काही लावले तर चरचरते. उन्हाळ्यात तर दुपारची आर्द्रता थंडीपेक्षाही खाली उतरते. गोव्यात राहणाऱ्यांना याची कल्पना सहसा येत नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर हवाच त्वचेला ओलावा पुरवीत असते. पणजीत वर्षभर निर्वेध चाललेले हलके जेल घेऊन जानेवारीत नागपूर-पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या माणसाचा चेहरा चौथ्या दिवशी तडकतो, तो यामुळेच. बारा तास वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांनाही पुढील माहिती लागू पडेल.

कोरडेपणा म्हणजे नेमके काय

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे कागदापेक्षाही कितीतरी कमी असते. या पेशी विटांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थांचे मिश्रण. त्यात वजनाने सुमारे निम्मा वाटा सेरामाइड या स्निग्धांचा, उरलेला मुख्यतः कोलेस्टेरॉलचा आणि मेदाम्लांचा. हा चुना शाबूत असला की आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ, साबण, सुगंधी द्रव्ये बाहेर राहतात. तो झिजला की दोन्ही वाटा मोकळ्या होतात. पाणी उडून जाते म्हणून त्वचा कोरडी पडते आणि नको ते पदार्थ आत शिरतात म्हणून ती संवेदनशील होते. कोरडी त्वचा आणि संवेदनशील त्वचा ही जोडी इतकी नेहमी एकत्र का आढळते, याचे उत्तर बव्हंशी एवढेच आहे.

हिवाळ्यात या स्निग्धांचे प्रमाण मुळातच घटते. त्यात भर घालतो तो साबण. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच असतो. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात जातो. वेष्टनावर छापलेला ‘टीएफएम’चा आकडा पाहून अनेकजण साबणाच्या सौम्यपणाचा अंदाज बांधतात. तो आकडा साबणातील एकूण मेदद्रव्य सांगतो, सामू सांगत नाही. ७६ टक्के टीएफएमचा उत्तम प्रतीचा साबणही साबणच असतो. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर दिसतो, तोच गालावरही बसतो. म्हणून मॉइश्चरायझर शोधण्याआधी चेहऱ्यावरचा साबण थांबवावा. सकाळी नुसते कोमट पाणी पुरते. संध्याकाळी धूळ-घाम असेल तर साबणविरहित, बिनवासाचा क्लेन्झर घ्यावा. कढत पाण्याने तोंड धुण्याची थंडीतली सवय सुखाची असली तरी स्निग्धांना वितळवणारीच आहे.

डबीत काय असते

बाजारातील प्रत्येक मॉइश्चरायझर तीन प्रकारच्या घटकांची कमी-अधिक मिसळण असतो. पहिले पाणी खेचणारे : ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल, युरिया. दुसरे पेशींमधल्या फटी बुजवून त्वचा मऊ करणारे : मेदाम्ले, सेरामाइड, स्क्वालेन, वनस्पतिजन्य तेले. तिसरे वरून झाकण घालणारे : पेट्रोलियम जेली, द्रवरूप पॅराफिन, मेण, डायमेथिकोन. जाहिरात सहसा पहिल्या दोन गटांतल्या एखाद्या नव्या नावाची होते. कोरड्या प्रदेशात कामाला येतो तो तिसरा गट.

कारण साधे आहे. ग्लिसरीन पाणी खेचते, ते जिथे असेल तिथून. हवा दमट असेल तर काही पाणी बाहेरून मिळते. हवा रखरखीत असेल तर ते त्वचेच्या खालच्या थरातून वर येते आणि वर झाकण नसेल तर उडून जाते. जानेवारीत गुलाबपाण्यात ग्लिसरीन मिसळून लावण्याचा घरोघरचा उपाय काहींना गुण देतो आणि काहींचे गाल अधिकच ताणतो, त्यामागे हे आहे. उपाय टाकून देण्याची गरज नाही. गुलाबपाण्याऐवजी साधे पाणी घ्यावे, कारण संवेदनशील त्वचेला वासाचे द्रव्य नकोच असते. ग्लिसरीन थोडे घ्यावे आणि ते ओलसर असतानाच वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा.

पेट्रोलियम जेलीविषयी आपल्याकडे उगाच तुच्छता आहे. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिचे पेटंट घेतले. दीडशे वर्षांनंतरही त्वचेतून उडणारे पाणी रोखण्यात तिच्या तोडीचे द्रव्य क्वचितच सापडते. तिच्यात पाणी नसते, म्हणून टिकाऊपणासाठी परिरक्षक घालावे लागत नाहीत. सुगंध नसलेली निवडली तर ॲलर्जी होण्याजोगे तिच्यात जवळजवळ काहीच उरत नाही. चिकट लागते, धूळ धरते, चेहरा तुकतुकीत दिसतो, हे दोष खरे आहेत. त्यामुळे शेतावर किंवा शाळेत जाताना ती नको वाटते. रात्री लावायला मात्र हरकत नाही. ‘खनिज तेलापासून बनते म्हणून विषारी’ हा आक्षेप औषधी दर्जाच्या शुद्ध केलेल्या जेलीला लागू होत नाही. औषधांच्या दुकानात ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन’ आणि ‘लिक्विड पॅराफिन’ यांच्या मिश्रणाची साधी क्रीमे मिळतात. त्यांची जाहिरात फारशी होत नाही, डब्या देखण्या नसतात आणि त्वचारोगतज्ज्ञ बहुधा त्यांच्यापासूनच सुरुवात करायला सांगतात.

लोशन, क्रीम आणि मलम यांतला फरक मुख्यतः पाण्याच्या प्रमाणाचा आहे. लोशनमध्ये पाणी सर्वाधिक, मलमात सर्वांत कमी. गोव्यात लोशन पुरते. पांढुर्ण्याच्या थंडीत क्रीम आणि फार फुटलेल्या जागी मलम. युरिया टाचांसाठी उत्तम असला तरी दहा टक्क्यांचे क्रीम फुटलेल्या गालावर आग करते. चेहऱ्यासाठी तो टाळलेलाच बरा. त्वचा उजळ करण्याचा दावा करणारी क्रीमे, लॅक्टिक किंवा ग्लायकॉलिक आम्ले, रेटिनॉल यांनाही या दिवसांत सुट्टी द्यावी.

वेष्टन वाचण्याची एक युक्ती आहे. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. ‘सेरामाइडयुक्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या डबीवर सेरामाइड जर परिरक्षकांच्याही मागे उभे असेल, तर त्याचे प्रमाण किती असेल ते उघड आहे. ग्लिसरीन आणि पॅराफिन पहिल्या पाच-सहा नावांत असावेत. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द कुठेही नसावा. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढेच. मूळ वास झाकण्यासाठी त्यात दुसरे सुगंधी द्रव्य असू शकते. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा शब्द अधिक भरवशाचा. मेथिलआयसोथायझोलिनोन नावाचे परिरक्षक आढळले तर ती डबी परत ठेवावी. त्याने होणाऱ्या ॲलर्जीचे प्रमाण पाहून युरोपीय संघाने २०१७ साली, लावून न धुण्याच्या प्रसाधनांतून ते हद्दपार केले. ‘हायपोॲलर्जेनिक’, ‘डर्मेटॉलॉजिस्ट टेस्टेड’, ‘नॅचरल’ या शब्दांना मात्र फार किंमत देऊ नये. १९२९पासून घराघरांत असलेल्या बोरोलीनसारख्या क्रीमांविषयी अनेकांना जिव्हाळा आहे आणि तो समजण्याजोगा आहे. पण त्यांचा ओळखीचा वास हाच संवेदनशील चेहऱ्याला अडचणीचा ठरू शकतो.

संत्र्याची साल, साय आणि तेल

संत्र्याच्या मुलखात संत्र्याची साल वाया जात नाही. ती सावलीत वाळवून, कुटून, बेसन किंवा मुलतानी मातीत कालवून चेहऱ्याला लावली जाते. तेलकट, दणकट त्वचेला हा लेप सोसत असेल. कोरड्या आणि संवेदनशील त्वचेसाठी तो जवळजवळ सर्वच बाजूंनी चुकीचा आहे. मुलतानी माती स्निग्धता शोषून घेते, पुडीचे खरखरीत कण वरचा थर खरवडतात आणि सालीतील तेलाचा फार मोठा भाग असतो लिमोनीन या द्रव्याचा. लिमोनीन ताजे असताना त्रास कमी देते, पण हवेत राहून त्याचे ऑक्सिडीकरण झाले की तयार होणारी संयुगे त्वचेची ॲलर्जी निर्माण करतात. वाळवून महिनोन्महिने डब्यात ठेवलेल्या पुडीबाबत हा विचार व्हायला हवा. संत्रे खावे, साल चेहऱ्यापासून दूर ठेवावी.

तेलांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. सर्व तेले सारखी नसतात. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेचा अडसर दुरुस्त होण्यास मदत करते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल अधिक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात त्याने निरोगी प्रौढांच्या त्वचेचा अडसरही कमकुवत केल्याचे दिसले. महागडे म्हणून ते बाळाच्या गालाला चोळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मोहरीचे तेल चेहऱ्याला लावूच नये. खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो, हे चाचण्यांत दिसले आहे. गोव्याच्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. पण ज्यांना मुरुमे येतात त्यांच्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवते. सायीत स्निग्धता असते खरी, मात्र तिच्यात हळद-लिंबू घातले की तिचा सौम्यपणा संपतो.

आयुर्वेदातील शतधौत घृताचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा घोटून धुतले की ते पांढरे, गार आणि लोण्याहून मऊ होते. तुपात पाण्याचे बारीक थेंब अडकवलेले हे मिश्रण म्हणजे आजच्या क्रीमचा जुना भाऊबंदच. अनेकांना ते मानवते. त्यात परिरक्षक नसल्याने ते थोडेच करावे, कोरड्या बोटांनी किंवा चमच्याने काढावे आणि वास बदलताच टाकून द्यावे.

लावण्याची रीत आणि परीक्षा

तोंड धुतल्यावर पंचाने टिपावे, घासू नये. त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावावे. वाटाण्याएवढे क्रीम पुरत नाही. चेहरा आणि मान मिळून बोटाच्या एका पेराहून लांब पट्टी लागते. दिवसातून दोनदा आणि फार कोरड्या दिवशी दुपारी पुन्हा. चोळून जिरवण्याचा आग्रह धरू नये. उन्हात जायचे असेल तर पंधरा मिनिटांनी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावावे. संवेदनशील त्वचेला ते बहुधा सोसते. उन्हाळ्यात वाळ्याच्या किंवा लाकडी ताट्यांचा पाण्याचा कूलर एसीपेक्षा चेहऱ्याला अधिक मानवतो, कारण तो हवेत बाष्प सोडतो. विदर्भाकडच्या या ओबडधोबड यंत्राचे हे एक श्रेय सहसा त्याला दिले जात नाही.

नवी डबी थेट चेहऱ्यावर आजमावू नये. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावावे. खाज, लाली, पुरळ आले नाही तर कानाखाली जबड्याच्या कडेला दोन दिवस, मग चेहऱ्यावर. एका वेळी एकच नवी वस्तू वापरावी, नाहीतर कोणती बाधली हे कधीच कळत नाही. लावल्यावर मिनिटभर थोडे चरचरून थांबले तर तो फुटलेल्या त्वचेचा परिणाम असू शकतो. आग टिकली किंवा दुसऱ्या दिवशी वाढली तर ती वस्तू बंद. फरक कळायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

दोन दिवसांत गुण देणाऱ्या ट्यूबचा धोका

धीर सुटलेला माणूस औषधाच्या दुकानात जाऊन ‘चेहऱ्याला काहीतरी द्या’ म्हणतो आणि त्याच्या हाती एक छोटी ट्यूब पडते. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. ट्यूबमध्ये बहुधा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असते. ही स्टेरॉइडे आहेत. डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस वापरली तर मोलाची औषधे. महिनोन्महिने फेस क्रीम म्हणून वापरली तर चेहऱ्याची कातडी पातळ करणारी. लाल रेघांसारख्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे पुरळ उठते, बायकांच्या गालावर लव वाढते आणि ट्यूब बंद करताच चेहरा भाजल्यासारखा पेटतो. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

हा प्रकार अपवादात्मक नाही. देशातील बारा केंद्रांवर झालेल्या आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञ संघटनेच्या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातले २९ टक्के ते गोरेपणाचे किंवा रोजचे क्रीम अथवा दाढीनंतरचे मलम म्हणून वापरीत होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरेतर व्यक्तीने सुचवले होते. त्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कागदावर स्पष्ट आहे. काउंटरवर काय होते ते वाचकांना सांगायला नको. ट्यूबवर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ हे चिन्ह असेल तर ती मॉइश्चरायझर नाही, एवढी खूण प्रत्येक घरात माहीत असावी. आधीच वापर सुरू असेल तर एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ती टप्प्याटप्प्याने सोडवावी लागते.

बिननावाची, परवाना क्रमांक नसलेली उजळपणाची क्रीमे याहून वाईट. त्यांत पारा असू शकतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण आढळले. त्यातले १३ जण अशी क्रीमे वापरीत होते.

कोरडेपणा नसलेला कोरडेपणा

चार आठवडे नीट क्रीम लावूनही चेहरा तसाच राहिला तर तो केवळ कोरडेपणा नसावा. भुवया, नाकाच्या कडा आणि टाळू यांवर तेलकट पिवळसर कोंडा असेल तर तो निराळा विकार आहे. गोल, कडा उठावदार असलेला चट्टा बहुधा गजकर्ण असतो आणि त्यावर स्टेरॉइड लावले तर तो रूप बदलून पसरतो. थकवा, वजनवाढ, केसगळती यांच्या जोडीने त्वचा कोरडी पडली असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

शेतकऱ्यांसाठी वेगळी गोष्ट सांगायला हवी. १९५०च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नजरेत आलेले गाजर गवत आज बांधाबांधावर, बागांच्या कडेला आणि रेल्वेरुळांलगत माजलेले आहे. त्याच्या सुकलेल्या कणांची धूळ हवेतून अंगावर बसते आणि काहींना पापण्या, कपाळ, मान, कोपराची घडी अशा जागी जाड, खाजरा, काळसर इसब येतो. सुरुवातीच्या वर्षांत तो पावसाळ्यानंतर वाढतो आणि थंडीत ओसरतो. म्हणजे साध्या कोरडेपणाच्या नेमका उलट. संत्र्याच्या बागेत निंदण-खुरपण करणाऱ्या माणसाच्या पापण्या थंडीऐवजी भादव्यात सुजत असतील, तर क्रीम बदलत बसण्यात अर्थ नाही. गवत फुलावर येण्याआधी उपटावे, तेही हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून. ज्याला त्रास आहे त्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे. घरी आल्यावर कपडे बदलून तोंड-मान धुवावी. पॅच टेस्टने निदान पक्के होते. पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना त्यासाठी नागपूरचे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ गाठावे लागते. तोवर प्राथमिक सल्ल्यासाठी ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा मोफत उपलब्ध आहे. जाताना किंवा फोनवर बोलताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब आणि डब्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, समोर ठेवाव्यात.